प्रोग्रॅम लिहिण्याची साधने : मोफत, मुक्त आणि विकतची

संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे शेवटी मजकूरच असतो. अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांच्या साध्या ओळी लिहून जतन करता येतील असे कोणतेही साधन त्यासाठी पुरते आणि असे साधन बहुतेक संगणकांबरोबर आपोआपच मिळते. तरीही केवळ प्रोग्रॅम लिहिण्यासाठी म्हणून तयार केलेली संपादनाची साधने, म्हणजेच एडिटर, गेल्या अर्धशतकात सतत निर्माण होत आली आहेत. त्यांपैकी काही कोणालाही विनामूल्य घेता येतात. काहींसाठी दरवर्षी हजारो रुपये मोजावे लागतात. नव्याने प्रोग्रॅम लिहू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे, लहानशा कार्यालयाच्या चालकापुढे किंवा संगणक-कक्ष उभारू पाहणाऱ्या शाळेपुढे त्यामुळे एक प्रश्न उभा राहतो : पैसे मोजले तर काम खरोखरच अधिक होते काय?

सोयींच्या दोन याद्या शेजारीशेजारी मांडून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण अशा याद्या वर्षभरात शिळ्या होतात. एखादी सोय कोणते श्रम वाचविते, ती मूळ कोठून आली, आणि उद्या ती आपल्या हाती राहील की नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. या प्रकरणात आपण याच क्रमाने विचार करू.

१. शब्दांचा खुलासा

इंग्रजीतील ‘फ्री’ या एका शब्दाने या विषयात पुष्कळ घोटाळा केला आहे. मराठीत सुदैवाने दोन वेगळे शब्द आहेत. ज्याला किंमत पडत नाही ते मोफत. ज्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदलून इतरांना देता येते ते मुक्त. या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र आढळतात. पण त्या एक नव्हेत.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये ग्नू ईमॅक्स हा एडिटर प्रसिद्ध केला, तेव्हा ज्यांना तो संगणकजालावरून उतरवून घेता येत नसे त्यांना ते त्याची चुंबकीय फीत १५० डॉलरना विकत असत. एडिटर मुक्त होता. फीत मोफत नव्हती. याच्या उलट उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या साधनाच्या ‘कम्युनिटी’ आवृत्तीचे आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेली ही आवृत्ती एकट्याने काम करणाऱ्यास मोफत आहे. मोठ्या व्यावसायिक संस्थांना मात्र ती सर्वसाधारण कामासाठी वापरता येत नाही आणि लहान संस्थांनाही वापरणाऱ्यांच्या संख्येची मर्यादा आहे. ती मोफत आहे, पण मुक्त नाही.

या दोहोंच्या मध्ये उभे असलेले साधन म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ कोड. नावात साम्य असले तरी ते वर उल्लेखिलेल्या साधनाहून वेगळे आहे. त्याची घोषणा एप्रिल २०१५ मध्ये झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याची संहिता एमआयटी या उदार परवान्याखाली खुली करण्यात आली. परंतु मायक्रोसॉफ्ट जी तयार आवृत्ती वाटते तिला कंपनीचा स्वतंत्र परवाना लागू आहे. म्हणूनच त्याच संहितेपासून केवळ मुक्त परवान्याखाली ‘व्हीएसकोडियम’ नावाची वेगळी आवृत्ती बनविली जाते. शिवाय या एडिटरला जोडावयाच्या काही महत्त्वाच्या पुरवण्या, उदाहरणार्थ पायथन भाषेसाठी असलेली ‘पायलान्स’, मोफत असूनही मुक्त नाहीत. वाचकाने ‘मोफत’ हा शब्द पाहताच थांबू नये. पुढची ओळ वाचावी, ते यासाठी.

२. हातांचे श्रम वाचविणाऱ्या सोयी

एडिटरच्या सोयींचे तीन थर मानता येतात. पहिला थर हातांच्या श्रमांचा. मजकुरात इकडून तिकडे लवकर जाणे, शब्द खोडणे, ओळी हलविणे, तीच कृती पुनःपुन्हा करणे, ही कामे यात येतात.

या बाबतीत जुनी मुक्त साधने कोणत्याही विकतच्या साधनाहून मागे नाहीत. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला. सेकंदाला सुमारे ३० अक्षरे वाहून नेणाऱ्या दूरध्वनीच्या तारेवर त्यांना काम करावे लागे. एवढ्या मंद मार्गावरून प्रत्येक कळ मोलाची होती. म्हणून कमीत कमी कळांत जास्तीत जास्त काम, हे या एडिटरचे तत्त्वच बनले. त्यांच्यापुढील एडीएम-३ए या यंत्राच्या कळफलकावर दिशादर्शक बाण एच, जे, के, एल या अक्षरांच्याच कळांवर छापलेले होते. आजही व्हीआयच्या परंपरेतील एडिटरांत कर्सर याच चार कळांनी हलतो.

ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘व्हिम’ हा याच परंपरेचा विस्तार होय. त्यात आज्ञा वाक्याप्रमाणे बनतात : डी म्हणजे खोडणे हे क्रियापद, डब्ल्यू म्हणजे शब्द हे कर्म, आणि मध्ये ३ हा अंक घातला की तीन शब्द खोडले जातात. शेवटची कृती पुन्हा करण्यास केवळ टिंबाची कळ पुरते. ही भाषा अंगवळणी पडण्यास काही आठवडे लागतात. मात्र पुढे ती आयुष्यभर पुरते.

नव्या कल्पना मात्र सर्वच मुक्त साधनांतून आल्या, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २००८ मध्ये जॉन स्किनर यांनी आणलेला ‘सब्लाइम टेक्स्ट’ हा विकतचा एडिटर घ्या. एकाच वेळी अनेक कर्सर उमटवून दहा ओळींत एकदम बदल करणे, फाईलच्या नावातील दोनचार अक्षरे लिहून तिच्यावर झेप घेणे, आणि सर्व आज्ञा एका शोधपट्टीतून नावाने हुडकणे, या सोयींना त्याने लोकप्रिय केले. आज या तिन्ही सोयी व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये मोफत मिळतात. उलट व्हिमची कळांची भाषा जवळजवळ प्रत्येक विकतच्या साधनाने पुरवणीच्या रूपाने स्वीकारली आहे. हातांच्या सोयींपुरते बोलावयाचे तर कोणतीही युक्ती फार काळ कुंपणात राहत नाही. या थरासाठी पैसे देणारा मनुष्य प्रायः वेग, नीटनेटकेपणा आणि शांत पडदा यांसाठीच पैसे देत असतो. ही कारणेही रास्त आहेत. पण ती आवडीनिवडीची आहेत.

३. प्रोग्रॅमचा अर्थ जाणणाऱ्या सोयी

दुसरा थर अधिक महत्त्वाचा आहे, कारण प्रोग्रॅमरचा बराच वेळ लिहिण्यात जात नाही. आधी लिहिलेले समजून घेण्यात जातो. येथे एडिटरला मजकूर नुसता दिसून भागत नाही, त्याचा अर्थ कळावा लागतो.

एक साधे उदाहरण घेऊ. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांना देवनागरी नावे देता येतात. समजा, एका प्रोग्रॅममध्ये आपण व्याजाच्या दरासाठी ‘दर’ हे नाव वापरले आणि पुढे ते बदलून ‘भाव’ करावे असे ठरविले. साधा एडिटर ‘दर’ ही अक्षरे जेथे दिसतील तेथे ‘भाव’ घालील. मग ‘चादर’चे ‘चाभाव’ होईल आणि ‘दररोज’चे ‘भावरोज’. पूर्ण शब्दच बदलावा अशी अट घातली तर हा घोटाळा टळेल. परंतु त्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागात तिकिटाच्या दरालाही ‘दर’ हेच नाव दिलेले असेल तर तेही बदलले जाईल. कोणता ‘दर’ कोणत्या अर्थाचा हे ओळखून तेवढाच बदलणे, हे अर्थ जाणणाऱ्या एडिटरचे काम. ते हाताने करावयाचे तर मोठ्या प्रोग्रॅममध्ये एक दिवस जाऊ शकतो, आणि दिवस जाऊनही चूक राहण्याची धास्ती असतेच. ही धास्ती नाहीशी होणे हा या सोयीचा खरा लाभ आहे. नाव बदलणे सुरक्षित असले की मनुष्य चांगली नावे देतो. ते धोक्याचे असले की वाईट नावे वर्षानुवर्षे तशीच राहतात.

या थरात विकतच्या साधनांनी दीर्घकाळ आघाडी घेतली, हे मान्य केले पाहिजे. बोर्लंड कंपनीचे टर्बो पास्कल १९८३ मध्ये ४९.९५ डॉलरना मिळू लागले. एडिटर आणि भाषांतर करणारा कंपायलर त्यात एकाच ठिकाणी होते. चूक सापडताच कर्सर आपोआप त्या जागी जाऊन उभा राही. शब्द अर्धा लिहिताच उरलेला सुचविण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या साधनांनी १९९० नंतरच्या दशकात सर्वदूर नेली. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या इंटेलिजे आयडिया या साधनाने जावा भाषेतील प्रोग्रॅमची पुनर्रचना, म्हणजे नाव बदलणे, भाग वेगळा काढणे, एका जागेचे दुसरीकडे नेणे, ही रोजच्या वापरातील गोष्ट केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आयबीएमने ‘एक्लिप्स’ हे साधन मुक्त केले आणि जावापुरती तरी ही आघाडी झपाट्याने कमी झाली. पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये इंटेलिजेचा पायाभूत भागही मुक्त करण्यात आला.

तरीही एक अडचण होती. प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे शिकवावी लागे. दहा एडिटर आणि वीस भाषा असतील तर दोनशे जोडण्या तयार करावयाच्या, आणि एवढे मनुष्यबळ स्वेच्छेने काम करणाऱ्यांकडे नव्हते. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी मिळून एक सामायिक संकेत जाहीर केला. भाषेचे ज्ञान एका स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये ठेवावे आणि एडिटरने त्याला ठरावीक पद्धतीने प्रश्न विचारावेत : या नावाचा अर्थ काय? ते कोठे ठरविले आहे? आणखी कोठे वापरले आहे? या योजनेमुळे दोनशे जोडण्यांच्या जागी तीस पुरतात. निओव्हिम या एडिटरने हा संकेत जुलै २०२१ मध्ये आपल्या गाभ्यात घेतला. ग्नू ईमॅक्सने जुलै २०२३ च्या २९व्या आवृत्तीत. चाळीस वर्षांच्या परंपरेतील साधनांना अशा रीतीने नवी दृष्टी मिळाली.

मग विकतच्या साधनांकडे उरले काय? उरली ती खोली. सामायिक संकेतात सर्व भाषांना समान असेच प्रश्न बसतात. परंतु जावाच्या प्रोग्रॅममध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेली माहितीसाठ्याची आज्ञा प्रत्यक्ष साठ्यातील रकान्यांशी ताडून पाहणे, एका भाषेतील नाव बदलताच दुसऱ्या भाषेतील फाईलमध्येही ते बदलणे, यांसाठी सर्व अंगे एकाच हाताने घडविलेली असावी लागतात. इंटेलिजेच्या वर्गणीच्या भागात हेच मिळते. व्हिज्युअल स्टुडिओच्या सर्वांत महागड्या आवृत्तीत प्रोग्रॅम चालताना घडलेल्या घटना मागाहून उलगडून पाहण्याची सोय आहे, तीही याच जातीची. मुक्त एडिटरमध्ये अशा पुष्कळ गोष्टी पुरवण्या जोडून साधता येतात. मात्र पुरवण्या निवडणे, त्यांचे एकमेकींशी जमविणे आणि एखादी बिघडली की दुरुस्त करणे हे काम वापरणाऱ्याच्या वाट्याला येते. ज्याच्या वेळाला बाजारात भाव आहे त्याला हा वेळ वर्गणीहून महाग पडू शकतो. विद्यार्थ्याला मात्र याच वेळात साधनाची अंतर्रचना कळते, आणि ते त्याचे शिक्षणच असते.

४. सुचविणाऱ्या सोयी

तिसरा थर अगदी अलीकडचा आहे. जून २०२२ मध्ये गिटहब कोपायलट ही सेवा महिना १० डॉलर दराने सर्वांना खुली झाली. पुढचा शब्दच नव्हे, तर पुढच्या कित्येक ओळी ती लिहून दाखवू लागली. डिसेंबर २०२४ मध्ये तिचा मर्यादित भाग मोफत करण्यात आला. तिच्यामागोमाग अशा अनेक सेवा आल्या असून सांगितलेले काम स्वतःच पुरे करून आणण्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे.

येथे तुलनेचा आधारच बदलतो. पहिल्या दोन थरांतील सोय एकदा बनली की आपल्या संगणकावर खर्चाशिवाय चालते. तिसऱ्या थरातील सोय बहुधा दूरच्या प्रचंड यंत्रांवर चालते आणि प्रत्येक प्रश्नाला वीज लागते. म्हणून मुक्त एडिटरमध्येही ही सोय बहुतेक वेळा विकतचीच असते. स्वतःच्या संगणकावर चालणारी खुली प्रतिमाने मिळतात. पण त्यासाठी यंत्र सामर्थ्यवान लागते.

तिची उपयुक्तता मोजतानाही सावध राहिले पाहिजे. एमईटीआर या संशोधन-संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांची २४६ कामे तपासली. ही माणसे आपल्या परिचयाच्या मुक्त प्रकल्पांवर काम करीत होती. अशा सेवेमुळे आपला वेळ सुमारे २० टक्के वाचला असे त्यांना काम संपल्यावर वाटत होते. प्रत्यक्षात त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला होता. प्रयोग लहान होता, काम विशिष्ट प्रकारचे होते, आणि साधने वेगाने बदलत आहेत. यावरून सर्वकालीन निष्कर्ष काढू नये. परंतु एक गोष्ट त्यातून निश्चित शिकण्यासारखी आहे : काम लवकर झाल्याची भावना आणि काम लवकर होणे यांत अंतर असू शकते. हा इशारा तिन्ही थरांना लागू आहे.

५. सवयीची मालकी

आतापर्यंत आपण किंमत आणि सोय यांचा विचार केला. परंतु एडिटरमध्ये मनुष्य पैशापेक्षाही मोठी गुंतवणूक करतो. ती म्हणजे सवयीची. बोटांना पडलेले वळण मोडणे कठीण असते, आणि ही गोष्ट आपल्या देशाइतकी क्वचितच कोठे दिसली असेल.

बोर्लंडचे टर्बो सी हे साधन १९८७ मधील. त्याचा निळा पडदा भारतातील असंख्य शाळा-महाविद्यालयांच्या संगणक-कक्षांत पुढील कित्येक दशके उजळत राहिला. जगात १९९८ साली सी-प्लस-प्लस भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. तरी आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थी त्यानंतरही त्याआधीच्या पद्धतीचे प्रोग्रॅम लिहीत होते, कारण कक्षातील साधनाला नवी पद्धत कळत नव्हती. नव्या संगणकांवर ते थेट चालेनासे झाले, तेव्हा जुन्या संगणकाचे सोंग घेणारा दुसरा प्रोग्रॅम बसवून त्यात ते चालविले गेले. साधन चांगले होते. पण ते बंद होते. त्याच्या मालकाने ते पुढे नेणे थांबविल्यावर ते नवे करणे अन्य कोणाच्याही हाती नव्हते. पिढ्यांनी लावून घेतलेली सवय अशी जागच्या जागी थिजली.

मुक्त साधनेही बंद पडतात. गिटहबने २०१४ मध्ये आणलेला ‘ॲटम’ हा मुक्त एडिटर १५ डिसेंबर २०२२ रोजी अधिकृतपणे थांबविण्यात आला. परंतु त्याच्यासाठी रचलेली इलेक्ट्रॉन ही चौकट आज व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा पाया आहे. प्रोग्रॅमची रचना झटपट ओळखणारे ‘ट्री-सिटर’ हे त्याचेच अपत्य निओव्हिम आणि ईमॅक्स यांत नांदत आहे. झाड पडले, पण बी इतरांच्या शेतात रुजले. संहिता खुली असल्यामुळेच हे घडू शकले.

विकतच्या साधनांचे मालकही या बाबतीत ग्राहकांचे ऐकतात, असे अनुभवास येते. इंटेलिजे बनविणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीने २०१५ मध्ये केवळ वर्गणीची पद्धत जाहीर केली, तेव्हा वापरणाऱ्यांनी तीव्र हरकत घेतली. वर्गणी थांबली तर साधनही थांबणार, हे त्यांना मान्य नव्हते. कंपनीने योजना बदलली : सलग बारा महिने वर्गणी भरणाऱ्यास त्या कालखंडाच्या आरंभीची आवृत्ती कायम वापरण्याचा हक्क मिळाला. २०२४ पासून याच कंपनीची काही साधने अव्यावसायिक कामासाठी मोफत मिळू लागली; मात्र वापराविषयीची अनामिक माहिती कंपनीकडे जाऊ द्यावी लागते. किंमत नाणे बदलून दुसऱ्या रूपात येते, ती अशी.

६. निवड कशी करावी?

सारांश असा की, हातांच्या सोयींसाठी पैसे देण्याचे सक्तीचे कारण आज उरलेले नाही. अर्थ जाणणाऱ्या सोयींत मोफत साधने बहुतेक कामांना पुरतात. मोठ्या, अनेक भाषांनी विणलेल्या व्यावसायिक प्रोग्रॅमसाठी विकतची खोली आपले मोल वसूल करून देते. सुचविणाऱ्या सोयी मुख्यतः सेवा असून त्यांचा हिशेब दरमहा मांडावा.

ज्यास निवड करावयाची आहे त्याने जाहिरात बाजूला ठेवून स्वतःचाच एक मध्यम आकाराचा प्रोग्रॅम घ्यावा आणि दोन्ही साधनांत पाच कामे घड्याळ लावून करून पाहावीत : एखादे फंक्शन कोठे लिहिले आहे तेथे जाणे, ते कोठेकोठे वापरले आहे हे शोधणे, एक नाव सर्वत्र बदलणे, प्रोग्रॅम मध्येच थांबवून चलांच्या किमती पाहणे, आणि केलेला बदल मागे घेऊन कालची स्थिती आणणे. पहिल्या दिवसाचा निकाल धरू नये. दोन आठवड्यांनी पुन्हा करावे. नव्या साधनाची अपरिचितता तोवर ओसरलेली असते.

त्यानंतर घड्याळाने न मोजता येणारा एक प्रश्न स्वतःस विचारावा : हे साधन उद्या महाग झाले, बंद पडले किंवा त्याच्या अटी बदलल्या, तर माझ्याजवळ काय उरेल? नाव बदलण्यामागचे तत्त्व, चूक शोधण्याची शिस्त आणि प्रोग्रॅम वाचण्याची दृष्टी यांवर कोणाचाही परवाना चालत नाही. जे साधन ही शिदोरी वाढविते ते विकतचे असले तरी स्वस्त होय. आणि जे ती खर्ची घालावयास लावते ते मोफत असले तरी महागच पडते.